परक्याचे खाते

आमच्या मामेसासऱ्यांइतका प्रामाणिक माणूस अख्ख्या पनवेलमध्ये आजवर झाला नाही, आणि पनवेलकरांच्या सुदैवाने यापुढेही होण्याची शक्यता नाही. प्रामाणिक माणसाबद्दल आदर वाटतो तो लांबून. रिक्षावाल्याने चुकून पाच रुपये जास्त परत दिले म्हणून मे महिन्याच्या दुपारी त्याला शोधत उरण नाक्यापर्यंत चालत गेलेल्या माणसाबरोबर तुम्हीही चालत असाल, तुमच्या हातात आंब्याची पेटी असेल आणि पेटीची सुतळी बोटांत रुतत असेल, तर प्रामाणिकपणाबद्दल तुमचं मत माझ्यासारखंच होईल. मी तसा चाललेलो आहे. रिक्षावाला सापडला. त्याने पाच रुपये घेतले, मामांना नमस्कार केला आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "काका बरे आहेत ना?" मी म्हटलं, जन्मापासून असेच आहेत.

हे माझ्या बायकोचे सख्खे मामा. त्यांना मूलबाळ नव्हतं आणि बहिणीची ही एकच मुलगी, त्यामुळे लग्नानंतर मी त्या घरचा पूर्ण पगारी जावई झालो. जावई या प्राण्याची जी बडदास्त आता इतर घरांतून नामशेष झाली आहे, ती त्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत शाबूत होती. मी गेलो की शिरा. मी बसलो की पंख्याचा वेग वाढणार. मामा माझ्यापेक्षा बत्तीस वर्षांनी मोठे, पण मला ‘अहो जावईबापू’ म्हणायचे, आणि जावयाची चूक ही चूकच नसते हा त्या घरचा लिखित नसलेला कायदा होता. एकदा खुर्ची मागे सरकवताना माझ्या कोपराने शोकेसची काच फुटली. मामा म्हणाले, "काच जुनीच झाली होती." मामी म्हणाल्या, "बरं झालं, फार धूळ दिसायची तिच्यावर." माझ्या स्वतःच्या आईने मला त्या काचेची किंमत वर्षभर ऐकवली असती.

मामांनी एकतीस वर्षं सरकारी हिशेब खात्यात काढली होती. निवृत्त झाल्यावर लोक घरी घड्याळ आणि शाल आणतात. मामा नियम घेऊन आले. त्यातला सर्वांत कडक नियम खाडाखोडीचा. लिहिलेलं बदलायचं तर त्यावर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, वर दुरुस्ती लिहायची आणि शेजारी तारखेसह सही. गिरगिटून काढणं हा गुन्हा. घरचे सगळे कागद या नियमाखाली येत. वाण्याच्या यादीत ‘साखर दोन किलो’ची ‘दीड किलो’ झाली तर शेजारी मामांची सही. वाणी ती यादी गिऱ्हाइकांना दाखवायचा. एका लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर त्यांनी आधी १०१ लिहून मग १५१ केले होते आणि सही केली होती. मुलाच्या बापाने ते पाकीट अजून जपून ठेवलं आहे असं म्हणतात, आणि ते आदरापोटी नक्कीच नसणार.

अशा माणसाने शेअर बाजारात पडावं ही देवाचीच लहर. सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साली ऑफिसातल्या कुणी तरी डोकं फिरवलं आणि मामांनी सात-आठ कंपन्यांचे शेअर घेतले. कुठे वीस, कुठे पन्नास. घेतले ते घेतले. विकण्याचा विषय काढला की म्हणायचे, "विकायचा होता तर घेतला कशाला?" या प्रश्नावर साऱ्या दलालांनी मिळून विचार केला तरी उत्तर सापडणार नाही. मामांचं सुख भाव वाढण्यात नव्हतंच. ते डिव्हिडंडमध्ये होतं. कंपनीचं पाकीट यायचं, त्यात अठरा रुपयांचं नाही तर साडेबत्तीस रुपयांचं वॉरंट, म्हणजे कंपनीचा चेकच, असायचा. मामा पाकीट सुरीने तीन बाजूंनी कापायचे, आतल्या कोऱ्या बाजूचा हिशेबाला कागद करायचे, वॉरंटची झेरॉक्स काढायचे आणि शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते बँकेत भरायला जायचे. झेरॉक्सचा रुपया, रिक्षाचे दहा, येताना शहाळं. म्हणजे अठरातून काय उरत असेल ते तुम्हीच काढा. पैसे परस्पर खात्यात जमा करून घ्या असं मी सुचवलं, तर म्हणाले, "मग मला कंपनीने पैसे दिले हे मला कळणार कसं?"

वर्षातून एकदा ते एसटीने मुंबईला एका कंपनीच्या सभेला जायचे. अठ्ठेचाळीस शेअरांचा मालक या नात्याने पाठीमागच्या रांगेत बसून संचालकांचा अहवाल पेन्सिलीने तपासायचे. तिथे खाऊचा डबा मिळायचा, तो न उघडता मामींसाठी घरी यायचा. त्याचीही नोंद असे: ‘वस्तुरूप लाभांश – सामोसे दोन, वेफर्स एक, रुपये पंधरा.’ एका वर्षी त्यातला एक सामोसा वाटेत आंबला. मामांनी तो घसारा म्हणून टाकला.

हे सगळं कागदावर होतं तोवर जगाला त्याचा उपद्रव नव्हता. दोन हजार पाचच्या सुमारास मी शहाणपणा केला. मी तेव्हा बेलापूरच्या एका ऑफिसात काँप्युटरवर बसायचो, म्हणजे आमच्या कुटुंबात मला काँप्युटरमधलं सगळं कळतं असं धरलं जायचं आणि मी ते धरू द्यायचो. अमेरिकेहून परतलेल्या एका सहकाऱ्याने घरगुती हिशेबाच्या सॉफ्टवेअरची सीडी मला दिली. मी ऑफिसातला जुना काँप्युटर स्वस्तात घेऊन मामांकडे बसवला आणि त्यात ती सीडी घातली. सॉफ्टवेअर अस्सल अमेरिकन होतं. त्यात खर्चाचे रकाने आधीच भरून आलेले होते: घराचं कर्ज, कुत्र्याचा डॉक्टर, बर्फ काढण्याची मजुरी. मामांनी एकेक रकाना काढून टाकला. एक मात्र मला काही केल्या निघेना. मामांनी त्याचा अर्थ विचारला. मी सांगितलं, "पोटगी." मामा अस्वस्थ झाले. ओट्याजवळून मामी म्हणाल्या, "राहू द्या तो. वेळ काही सांगून येत नाही."

दुसरी अडचण स्वल्पविरामांची. सॉफ्टवेअर तीन-तीन आकड्यांवर स्वल्पविराम द्यायचं आणि मामांना लाख दिसल्याशिवाय चैन पडत नसे. तेव्हा त्यांनी पडद्याच्या काचेवर, बेरीज जिथे यायची तिथे, चिकटपट्टीचे दोन बारीक तुकडे लावून लाखाचे आणि हजारांचे स्वल्पविराम कायमचे बसवले. दुसऱ्या पानावर गेलं की ते तुकडे भलत्याच आकड्यांवर यायचे, मग मामा ते पान बघायचेच नाहीत. आणि मी जे जे सांगायचो ते ते एका लांब वहीत उतरून घ्यायचे. ‘काँप्युटर सुरू करणे: डावीकडचे मोठे बटण, एकदाच.’ ‘डिव्हिडंड आल्यास: वरून तिसरी ओळ.’ प्रत्येक कलमाच्या आधी, ऑफिसातल्या हुकमाचा संदर्भ द्यावा तसं, ‘जावयांनी सांगितल्याप्रमाणे’. मी ते वाचायचो आणि मला ते आवडायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

पुढच्याच वर्षी एका कंपनीने बोनस शेअर दिले. एकास एक, म्हणजे तुमच्याकडे पन्नास असतील तर आणखी पन्नास फुकट, आणि बाजारात एकेकाचा भाव तेवढाच उतरून निम्मा. मामांनी मला रविवारी बोलावलं. सॉफ्टवेअरमध्ये बोनस हा शब्दच नव्हता, त्याच्या जवळपासचं काही तरी होतं आणि पुढे दोन चौकोन होते. वरचं इंग्रजी मी पुरतं वाचलं नाही. शिरा निवत होता. मी म्हटलं, "त्यात काय, मामा? एकास एक ना? इथे एक, तिथे एक." मामांनी वहीत लिहिलं: ‘बोनस आल्यास: जावयांनी सांगितल्याप्रमाणे पहिल्या चौकोनात १, दुसऱ्या चौकोनात १.’ मी शिरा खाऊन घरी गेलो.

दोन-तीन आठवड्यांनी मामा म्हणाले, "जावईबापू, कंपनीने बोनस दिला म्हणे, आणि इथे तर आपले निम्मे पैसे गेले." मी पडद्याकडे बघितलं नाही, पंख्याकडे बघत म्हटलं, "मामा, मार्केट पडलंय." मार्केट पडलंय हे वाक्य केव्हाही म्हणावं, आठवड्यातून दोनदा तरी ते खरं असतंच. मामांनी मान डोलावली. पुढल्या चार वर्षांत आणखी तीन कंपन्यांनी बोनस दिला, त्या पहिलीने तर दुसऱ्यांदा दिला. मामांनी मला त्रास न देता प्रत्येक वेळी वहीतलं पान उघडून पहिल्या चौकोनात एक आणि दुसऱ्यात एक टाकला.

आता मामींबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं शेवटी त्यांच्या गुडघ्यांवर येणार होतं. मामींची जीभ जितकी चालायची तितकेच त्यांचे गुडघे चालत नसत. इमारतीला लिफ्ट नव्हती. तीन मजले उतरताना त्या प्रत्येक पायरीवर एकेका नातेवाइकाचं नाव घ्यायच्या. डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायला सांगितले आणि खर्च सांगितला साडेचार लाख. त्या संध्याकाळी मामांनी काँप्युटर चालू करून पडद्यावरची बेरीज बघितली आणि निर्णय दिला: शेअरांची किंमत दहा लाखांवर गेली की साडेचारचे विकायचे, बाकीचे म्हातारपणाला. बेरीज तेव्हा सहाच्या आसपास होती. मी आणि बायकोने पैसे देऊ केले तर मामांनी कानावर हात ठेवले. लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये या मताचे ते. भाचीच्या घरचे गुडघे कसे घेणार?

शेअर सहाला अडून बसले आणि मामी तिसऱ्या मजल्यावर. तळमजल्यावर पनवेलजवळच्या कोन गावचे एक गृहस्थ राहायचे. एक्स्प्रेसवेच्या कडेची जमीन विकून त्यांनी खालचे दोन्ही फ्लॅट आणि एक पांढरी गाडी घेतली होती. मामांचं डिव्हिडंडचं पाकीट पोस्टमनकडून तेच ठेवून घ्यायचे आणि देताना म्हणायचे, "मामा, आमी जमीन इकली, एकदाच काय ते पैसं घेतलं, मोकलं झालो. तुमी आठरा-आठरा रुपये मोजत बसलाय. मामींना जिना उतरता येत नाय, ते बगा की." मामा म्हणायचे, "दहा होऊ द्या." शिरढोणला मामींच्या भाच्याचं लग्न निघालं तेव्हा या गृहस्थांनी आणि त्यांच्या ड्रायव्हरने मामींना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खाली नेलं. दुसऱ्या मजल्यावरच्या वळणावर खुर्ची तिरकी झाली. दारांत उभी राहून सगळी बिऱ्हाडं बघत होती. मामींनी पदर तोंडावर ओढून घेतला, तो गाडीत बसेपर्यंत काढला नाही. रात्री तशाच वर आल्या आणि म्हणाल्या, "आता स्वतःच्या पायांनी उतरेन, नाही तर उतरणार नाही." त्यानंतर अडीच वर्षं त्या खाली उतरल्या नाहीत. गॅलरीतून वडाळे तळ्याचा एक कोपरा दिसायचा. संध्याकाळी त्या तिथे खुर्ची टाकून तळ्याभोवती फिरणाऱ्या लोकांना नावं ठेवायच्या: "तो बघा, आजही दोनच फेऱ्या मारून पळाला."

आणि या अडीच वर्षांत मामा काय करत होते? मामा शेअर परत करण्याच्या खटपटीत होते. डीमॅट खात्याचा कागद यायचा, त्यात शेअर जास्त दिसायचे. काँप्युटरमध्ये पन्नास, कागदावर दोनशे. दुसरा कुणी असता तर पेढे वाटले असते. मामांची झोप उडाली. एकतीस वर्षं त्यांनी नव्या कारकुनांना एकच मंत्र दिला होता: "कॅश कमी निघाली तर खिशातून भरता येते. जास्त निघाली तर कुणाचे तरी गेलेले असतात." काँप्युटर चुकत नाही आणि त्यात जावयांनी सांगितल्याप्रमाणे भरलेलं, तेव्हा चूक डीमॅटवाल्यांची. कुणा तरी बिचाऱ्याचे शेअर आपल्याकडे आले आहेत. त्यांनी कंपनीला लिहिलं, ‘आपण माझ्या खात्यात नजरचुकीने जादा शेअर जमा केले आहेत, ते कृपया परत न्यावेत.’ कंपन्यांकडे भागधारकांच्या शिव्यांना पाठवायची ठरावीक उत्तरं असतात. या पत्राला कुणाकडेच उत्तर तयार नसावं. महिन्याभराने इंग्रजीत आलं की आपल्या खात्यातली संख्या बरोबर आहे. मामांनी ते उजेडात धरून बघितलं आणि बाजूला ठेवलं. "सही छापील आहे. माणसाने बघितलेलं नाही."

मग त्यांनी सॉफ्टवेअरमध्ये नवं खातं उघडलं: ‘परक्याचे’. जास्तीचे सगळे शेअर त्यात, आपल्या बेरजेच्या बाहेर. डिव्हिडंडही अर्थातच दोनशेवर यायचा, तेव्हा पन्नासचा आपला आणि दीडशेचा त्या अज्ञात माणसाचा. त्यासाठी बँकेत वेगळं पासबुक काढलं. बँकेतल्या बाईंनी खात्याचं नाव काय घालू म्हणून विचारलं, तर मामा म्हणाले, "परक्याचे." बाईंनी नकार दिला. शेवटी ते मामांच्याच नावावर निघालं, पण मामांनी घरी येऊन पासबुकाच्या मुखपृष्ठावर स्वतःचं नाव एका सरळ रेघेने खोडलं, वर ‘परक्याचे’ लिहिलं आणि सही केली. डिव्हिडंड आला की शनिवारी ते त्या बेवारशी माणसाचे पैसे आपल्या रिक्षाभाड्याने नेऊन भरत होते. मामी म्हणायच्या, "त्याला एकदा जेवायलाच बोलवा. एवढं केलंत, ओळख तरी होईल."

हे सगळं मला थोडंथोडं माहीत होतं आणि मी ते ऑफिसात डबा खाताना रंगवून सांगायचो. लोक ठसका लागेपर्यंत हसायचे. त्या ‘परक्याचे’ खात्यात स्वतः डोकावून बघण्याचं माझ्या मनात एकदाही आलं नाही. हसवणारा माणूस सहसा कागद तपासत नाही.

शेवटी मामांनी कंपन्यांना वकिलाकडून नोटीस पाठवायचं ठरवलं: तीस दिवसांत आपले शेअर घेऊन जा. मसुदा इंग्रजीत करायला मला बसवलं. "कोणत्या कंपनीचे किती जास्त, ते सांगतो, लिहा," म्हणाले आणि सांगू लागले. पहिली कंपनी, दोनदा बोनस, जास्त दीडशे. दुसरी, एकदा बोनस, मूळ वीस, जास्त वीस. तिसरी, मूळ ऐंशी, जास्त ऐंशी. चौथीचा आकडा सांगायच्या आधीच तो मला ठाऊक होता. पंखा पाचवर होता आणि मला घाम फुटला. मी उठून काँप्युटरपाशी गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या दोन चौकोनांच्या वरचं इंग्रजी वाचलं. ते विचारत होतं की आता एकूण किती, आणि आधी किती. एकाचे दोन होतात. तिथे दोन आणि एक टाकायला हवे होते. मी एकाचा एक करून ठेवला होता, आणि मामांनी तो माझ्या शब्दाखातर पाच वेळा केला होता.

"मामा," मी म्हटलं, "हे परके म्हणजे तुम्हीच."

त्यांना समजायला वेळ लागला. वही उघडून ते कलम त्यांनी दोनदा वाचलं, मग पासबुक उघडलं, मग पडद्यावर मी दुरुस्त केलेली बेरीज बघितली. ती चौदा लाखांच्या पुढे होती, त्यांनीच चिकटवलेल्या स्वल्पविरामांसकट. दहाचा आकडा दोन वर्षांपूर्वीच ओलांडून गेला होता. मी काही तरी बोलायला लागलो, माझी चूक, मला आधी बघायला हवं होतं वगैरे. मामांनी हात वर केला. गॅलरीत मामींची खुर्ची करकरली. "मामीला काय सांगायचं ते मी सांगतो," ते हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

ते गॅलरीत गेले आणि मला स्वच्छ ऐकू आलं. "अगं, माझ्याकडून एक आकडा चुकीचा पडत होता." पुढे मामींनी जे सुरू केलं ते महिनाभर चाललं. एकतीस वर्षं सरकारचे हिशेब केले आणि घरच्या बायकोचा चुकवला. परक्याला पासबुक आणि मला खुर्ची. मामा ऐकून घेत होते. मी जावई, त्या दिवशीही माझ्यासमोर शिरा आला, आणि मी तो खाल्ला. याहून नीच कृत्य मी केल्याचं मला आठवत नाही.

मामांनी सगळ्या नोंदी आठ दिवस हाताने तपासल्या आणि मग आयुष्यात पहिल्यांदा शेअर विकले. मामींचे दोन्ही गुडघे झाले. चार महिन्यांनी त्या स्वतःच्या पायांनी तीन मजले उतरल्या. कोनच्या गृहस्थांनी जिन्याच्या तळाशी खुर्ची घेऊन उभं राहण्याचा आगाऊपणा केला, त्याबद्दल त्यांना भरपूर ऐकावंही लागलं. पुढे रोज संध्याकाळी दोघं तळ्याभोवती फिरायचे, मामी पुढे आणि मामा फेऱ्या मोजत मागे. मात्र फेरी कितवीही असो, मामी मध्येच थांबून म्हणायच्या, "यांनी आकडा चुकवला नसता तर दोन वर्षं आधीच फिरले असते." मामा म्हणायचे, "खरं आहे." मी बरोबर असलो की तळ्याकडे बघायचो.

याला आता पाच-सहा वर्षं होऊन गेली. मामांच्या डोळ्यांच्या पडद्याचं काही तरी बिघडलं आणि अक्षरं दिसेनाशी झाली. नोंदी करायला मी रविवारी जाऊ लागलो. परवा गेलो तर मामा म्हणाले, "जावईबापू, त्या पहिल्या कंपनीने परत बोनस दिलाय. एकास एक. वही घ्या, पान एकोणचाळीस." त्या दिवसापासून ती वही मी हातात घेतली नव्हती. पान उघडलं. माझ्या ओळीतल्या ‘जावयांनी सांगितल्याप्रमाणे’ या शब्दांवर एक सरळ रेघ मारलेली होती. वर लिहिलं होतं, ‘माझ्या समजुतीप्रमाणे’. शेजारी मामांची सही आणि त्याच दिवसाची तारीख. ज्या माणसाने आंबलेल्या सामोशाचीसुद्धा खरी नोंद केली, त्याने आयुष्यात एकच खोटी नोंद केली होती, आणि तिच्यावरही नियमाप्रमाणे सही केली होती.

मामी समोर मेथी निवडत बसल्या होत्या. माझ्याच्याने राहवलं नाही. म्हटलं, "मामी, तो आकडा मामांनी नाही चुकवला. मी शिकवला होता."

"वहीत तसं नाही," मामा ताडकन म्हणाले. "वहीत आहे ते प्रमाण. सही आहे माझी."

मामींनी मान वर केली नाही. "अहो, तुम्ही स्वतःच्या समजुतीने चहात साखर तरी घातली आहे का कधी?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मला त्याच दिवशी कळलं होतं. रेघेखालचं वाचता येतं ना."

"मग इतकी वर्षं मामांना का बोलत होतात?"

"मग कुणाला बोलू? तुम्ही जावई." त्यांनी मेथीची एक जुडी बाजूला ठेवली. "आणि अडीच वर्षं त्या खुर्चीत बसले मी. कुणाला तरी बोलल्याशिवाय ती जाणार होती का?"

मी काँप्युटरकडे वळलो. मामांनी विचारलं, "पहिल्या चौकोनात?" मी म्हटलं, "दोन." "दुसऱ्या?" "एक." "किती झाले?" "चारशे." "डीमॅटच्या कागदाशी ताडून बघा." मी ताडून बघितलं. जुळत होते.

"मग खाली नवी नोंद करा," मामा म्हणाले. "आणि सुरुवातीला लिहा, जावयांनी सांगितल्याप्रमाणे."

मी लिहायला लागलो. दोनच्या जागी सवयीने एक पडला. मी त्यावर रेघ मारली. पेनाच्या आवाजावरून मामांना कळलं.

"खाडाखोड झाली का?"

"झाली."

"मग सही करा," मामा म्हणाले, आणि मी केली.